जुनं रोमन नाणं हाती आलं तर: आधी तराजू, मग भिंग

जुन्या डब्यात, देवघरात किंवा आजीच्या बटव्यात अनोळखी नाणं निघालं की आपल्याकडे पुढचं ठरलेलं असतं. तांब्याचं दिसलं तर चिंच, चांदीचं वाटलं तर राख किंवा भांडी घासायची पावडर, आणि चमकलं की मग ते कुणाला तरी दाखवायला न्यायचं. क्रम नेमका उलटा होतो. नाण्यावरची काळसर-हिरवट पुटं, बारीक अक्षरांच्या धारा, सराफाने कधीकाळी मारलेली खूण, हे सगळं पहिल्या पाच मिनिटांच्या घासण्यात जातं आणि परत येत नाही. म्हणून नाणं काही करून घासू नका. धुऊही नका. कडेने धरा, मऊ कापडावर ठेवा आणि पुढचं वाचा.

नाणं जमिनीत सापडलं असेल, म्हणजे पाया खणताना, शेतात किंवा विहिरीच्या मातीत, तर आधी कायद्याचं काम. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट अजून लागू आहे. जमिनीत दडलेली आणि दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर काय सापडलं, किती, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. नाणी मडक्यात असतील तर मडकं, त्याच्या खापऱ्या आणि आतली माती तशीच राहू द्या, जागेचे फोटो काढा, खोली मोजा. एकाच मडक्यातली नाणी वाटून घेतली की त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध तुटतो. कुठलं नाणं कुठल्या नाण्याबरोबर पुरलं गेलं, यावरूनच तर ते मडकं कधी पुरलं हे कळतं. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर न्यायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याने मनाई आहे, हे परदेशी नातेवाइकाला भेट देण्याआधी लक्षात ठेवा.

रोमन नाण्याचा कोल्हापूरशी काय संबंध, असं वाटत असेल तर टाउन हॉलमधल्या संग्रहालयात एक फेरी मारा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. रोमन जगातून आलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती आणि ब्राँझची भांडी ब्रह्मपुरीतूनच आली. रोमन व्यापाराच्या त्या काळात इथे चालणारं नाणं मात्र रोमन नव्हतं. विळिवायकुर आणि शिवलकुर या राजांची शिशाची नाणी होती, एका बाजूला धनुष्यबाण आणि दुसऱ्या बाजूला टेकडीचं चिन्ह असलेली. रोमन चांदी-सोनं बंदरातून वर यायचं ते वजनाच्या मालासारखं. इथल्या बाजाराला त्या चेहऱ्यांची सवय कधी झाली नाही. म्हणूनच हे नाणं तपासायची सुरुवात चेहऱ्यापासून करू नये. ज्यांनी ते आपल्याकडे घेतलं त्यांनी तोलून घेतलं, आपणही तोलूनच सुरुवात करावी.

वजन

स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही. निदान ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा, पुढच्या घनतेच्या चाचणीला तर ०.००१ ग्रॅमचा. गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, बहुतेक पेढ्यांवर चांगला काटा असतो. नाणं तोलून मागा, पण कसोटीवर कस लावू देऊ नका आणि कडेला कानस लावू देऊ नका.

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळापासून पहिली दोन शतकं ही कोष्टकं पाठ असली तर पुष्कळ काम होतं. सोन्याचा एक ऑरियस म्हणजे चांदीचे २५ दिनार. एक दिनार म्हणजे पितळेचे ४ सेस्टर्स किंवा तांब्याचे १६ अ‍ॅस. ‘दिनार’ हा शब्द आपण इथे मुद्दाम वापरतोय, लॅटिन ‘डेनारियस’वरूनच तो संस्कृतात ‘दीनार’ होऊन आला आणि गुप्तकाळातल्या लेखांत सोन्याच्या नाण्यासाठी वापरला गेला.

आता वजनं. ऑगस्टस आणि त्याच्यानंतरचा सम्राट तिबेरियस यांचा दिनार घडवताना साधारण ३.९ ग्रॅमचा, ऑरियस ७.८ ग्रॅमच्या आसपास. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि त्याचे मासे १२, हे ज्यांना माहीत आहे त्यांना गंमत लगेच दिसेल: दिनार बरोबर चार माशांचा, ऑरियस आठ माशांचा. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला फार सोपा. इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोने दोन्ही नाणी हलकी केली. आधी एका रोमन पौंडात ८४ दिनार पाडत, ते ९६ झाले, म्हणजे दिनार ३.४ ग्रॅमवर, साडेतीन माशांवर आला. ऑरियस उतरून साडेसात मासे झाला. दिनाराच्या चांदीतही त्याने भेसळ वाढवली, शुद्धता ९७-९८ टक्क्यांवरून साधारण ८० वर आली.

भारतात सापडणाऱ्या रोमन दिनारांत ऑगस्टस आणि तिबेरियस यांचे सर्वांत जास्त का, याचं उत्तर अनेक अभ्यासक याच घसरणीत शोधतात. वजनावर माल घेणाऱ्याला जुनं भारी नाणं ओळखता येत होतं आणि हवंही होतं.

नाणं दोन हजार वर्षं झिजलेलं असतं, त्यामुळे ३.५ ते ३.८ ग्रॅमचा तिबेरियसचा दिनार अगदी सामान्य. ४.३ ग्रॅमचा मात्र संशयास्पद: झिजून वजन वाढत नाही. २.८ ग्रॅमचा असेल तर तीन शक्यता, कड कातरलेली, आत तांबं, किंवा साच्यात ओतलेली नक्कल. व्यास वर्नियर कॅलिपरने मोजा, पण त्याचे जबडे धातूचे असतील तर मध्ये कागदाची घडी घाला. दिनार १७ ते १९ मिलिमीटर भरतो, आपल्या आताच्या एक रुपयाच्या नाण्याहून लहान पण हाताला जाड लागतो.

एखाद्याने ३३ मिलिमीटरचं, २५ ग्रॅमचं भलंमोठं पितळी ‘रोमन नाणं’ इथल्या बाजारात आणलं, तर सावध व्हा. सेस्टर्स तेवढा मोठा असतो हे खरं, पण पहिल्या दोन शतकांत भारताकडे मुख्यतः सोनं आणि चांदी आली. सुट्टे पैसे दूरच्या व्यापाराला कोण आणणार?

पाण्यात तोलणं

गुजरीत आता बऱ्याच ठिकाणी क्ष-किरणांनी धातू तपासायचं यंत्र असतं. ओरखडा न उठता आकडा मिळतो, म्हणून लोकांचा त्यावर भारी विश्वास. पण ते यंत्र वरचा पातळ थर वाचतं. जुन्या चांदीच्या पृष्ठभागावरचं तांबं जमिनीत झिरपून निघून गेलेलं असतं, त्यामुळे आकडा खऱ्याहून जास्त येतो. आणि आत तांबं, वर चांदीचा पत्रा असं नाणं असेल तर ते यंत्र निष्कपटपणे ‘चांदी’ असं सांगतं. रोमन काळातच अशी फसवी नाणी पुष्कळ पाडली गेली होती. सबंध नाण्याचं पोट कळायला घनता काढा.

लागतं काय: ०.००१ ग्रॅमचा काटा, काचेचा छोटा ग्लास, पाणी, भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब, नायलॉनचा अगदी बारीक धागा.

नाणं कोरडं तोला. ग्लासात अर्ध्याहून जास्त पाणी आणि साबणाचा थेंब घालून ग्लास काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा. नाणं धाग्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला ते अजिबात टेकता कामा नये. धागा हातात न धरता एखाद्या स्टँडला अडकवा, हात थरथरतो. आता काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याने हलवलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा.

३.७२ ग्रॅमचं नाणं, काट्यावर ०.३५७. भागाकार १०.४२. शुद्ध चांदीची घनता १०.५, तेव्हा हे नीरोच्या आधीच्या दिनाराला जुळतं. ८० टक्के चांदीचा दिनार १०.१ च्या आसपास येईल, निम्मी चांदी असेल तर ९.६ किंवा ९.७. तांब्याची घनता ८.९६. म्हणजे ३.०५ ग्रॅमचं नाणं ०.३३५ दाखवत असेल तर भागाकार ९.१, आणि ते चांदीचं कातडं पांघरलेलं तांबं आहे. सोन्याच्या ऑरियसला १९ च्या वर आकडा हवा. १५ आला तर ते त्या काळचं रोमन सोनं नव्हे.

इथे काय काय चुकतं: साबण न घालता बुडवलं की अक्षरांच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि घनता कमी भरते, खरं नाणं खोटं ठरतं. सुती धागा पाणी पितो. नाणं तळाला टेकलं की आकडा एकदम फुगतो. ०.०१ च्या काट्यावर हे करायला जाल तर ०.३५ आणि ०.३७ यांतला फरक म्हणजे शुद्ध चांदी की भेसळ एवढा मोठा होतो, आणि तेवढा तर काट्याचाच हेलकावा असतो. तीनदा करून सरासरी घ्या. नाण्याला डाग देऊन कडी जोडली असेल तर ही चाचणी विसरा. नाणं तांब्याचं, भुसभुशीत आणि फिकट हिरवी भुकटी सुटणारं असेल तर पाण्यात घालूच नका.

अक्षरं

खोलीतला दिवा बंद करा. मोबाइलची बॅटरी नाण्याच्या पातळीत, अगदी आडवी धरा आणि नाणं सावकाश फिरवा. सरळ उजेडात गुळगुळीत दिसणाऱ्या कडेवर आडव्या उजेडात अक्षरांच्या सावल्या उभ्या राहतात. दहा पट भिंग पुरेसं आहे, त्याहून मोठ्या भिंगात ओरखडे आणि अक्षर यांतला फरक उलट हरवतो. करड्या कागदावर ठेवून चारही बाजूंनी उजेड टाकत चार फोटो काढा. पेन्सिल घासून ठसा उमटवायचा मोह आवरा.

लिहिण्याची पद्धत एकदा कळली की फार अवघड नाही. इंग्रजीतलीच मोठी अक्षरं, शब्दांत बहुधा जागा सोडलेली नसते, ‘यू’ च्या जागी ‘व्ही’ असतो. सुरुवात प्रत्येक नाण्यावर एकाच ठिकाणी नसते, म्हणून ‘टी आय’ (तिबेरियस), ‘आय एम पी’ (इम्पेरेटर, सम्राट) किंवा ‘सी ए ई एस’ (सीझर) असं एखादं ओळखीचं तोंड शोधा आणि तिथून घड्याळाच्या दिशेने चला.

भारतात सर्वांत जास्त भेटणारं नाणं वाचून पाहू. दर्शनी बाजूला उजवीकडे पाहणारा, डोक्यावर पानांची माळ बांधलेला चेहरा, माळेच्या फिती मानेवर लोंबतात. भोवती अक्षरं: टी आय, सी ए ई एस ए आर, डी आय व्ही आय, ए व्ही जी, एफ, आणि शेवटी ए व्ही जी व्ही एस टी व्ही एस. म्हणजे ‘तिबेरियस सीझर, देवत्व पावलेल्या ऑगस्टसचा मुलगा, ऑगस्टस’. ‘एफ’ हे एकटं अक्षर म्हणजे मुलगा. मागे खुर्चीवर बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात फांदी, आणि ‘पॉन्टिफ मॅक्सिम’, मुख्य पुरोहित. तिबेरियसचं राज्य इ.स. १४ ते ३७. फ्रान्समधल्या आजच्या लिओंच्या टांकसाळीचं हे नाणं वर्षानुवर्षं जवळपास न बदलता पाडलं गेलं, म्हणून याच्यावरून नेमकं साल काढायचा हट्ट करू नका. दुसरं हमखास भेटणारं ऑगस्टसचं: मागच्या बाजूला दोन तरुण उभे, मध्ये ढाली आणि भाले. ते त्याचे नातू आणि दत्तक मुलगे गायस आणि लुसियस, आणि हे नाणं इ.स.पू. २ नंतरचं.

साल काढता येईल अशी नाणी पुढची. ‘टी आर पी’ म्हणजे सम्राटाला लोकांचा प्रतिनिधी म्हणून दरवर्षी नव्याने मिळणारा अधिकार, ‘सी ओ एस’ म्हणजे कॉन्सल हे रोममधलं मोठं पद, आणि त्यांच्यापुढे रोमन आकडा. सम्राट त्राजनच्या नाण्यावर ‘सी ओ एस’ पुढे पाचाचा ‘व्ही’ असेल तर ते इ.स. १०३ ते १११ मधलं. सहाचा आकडा आला की ११२ ते ११७. पाच आणि सहा यांत एका उभ्या रेघेचा फरक आहे आणि ती रेघ झिजून गेलेली असू शकते. अशा वेळी बाकीच्या पदव्या पाहायच्या: पार्थियाच्या, म्हणजे तेव्हाच्या इराणी साम्राज्यावरच्या, विजयाची पदवी दिसली तर नाणं राज्याच्या अगदी शेवटचं.

चेहऱ्यावर माळेऐवजी सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट असेल तर चांदीच्या नाण्यात तो दुप्पट किमतीची खूण. सम्राट कॅराकॅलाने इ.स. २१५ मध्ये हे नाणं काढलं. किंमत दोन दिनारांची, चांदी मात्र दोन दिनारांची नव्हती, आणि पुढच्या पन्नास वर्षांत तर ती पाच टक्क्यांच्या खाली गेली. चौथ्या शतकापासून सोन्याचं नाणं बदलतं: साडेचार ग्रॅमचा सॉलिडस, एका पौंडात ७२. दक्षिण भारतात तेही सापडतात.

एवढ्या आकडेमोडीत हे पैसे कुणाच्या तरी कनवटीला होते हे विसरायला होतं. ऑगस्टसच्या सैनिकाला वर्षाला २२५ दिनार मिळत, म्हणजे नऊ ऑरियस. इटलीतल्या पॉम्पेई शहरातल्या एका गुत्त्याच्या भिंतीवर दर लिहिलेत: एका अ‍ॅसला साधी दारू, दोनाला बरी, चाराला फालेर्नियन, म्हणजे उंची दारू. आणि रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी निदान पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. चाराने भागा: सव्वा कोटी दिनार.

आपल्याकडच्या खुणा

इथपर्यंत नाणं रोमचं होतं. आता ते भारतात आल्यावर त्याचं काय झालं ते पाहा, कारण नेमका हाच भाग घासण्यात जातो.

चेहऱ्यावरून आरपार गेलेला छिन्नीचा सरळ घाव दिसला तर तो अपघात समजू नका. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईला १८९८ मध्ये ५०१ ऑरियसांचा साठा मिळाला, त्यातल्या बहुतेकांच्या डोक्यावर असा घाव आहे. ते नाणं आता चलनातलं नाही, नुसतं सोनं आहे, हे सांगायची ती रीत असावी असं मानतात. लहान गोल, चंद्रकोर किंवा ठिपका असा ठसा सराफाच्या तपासणीचा असू शकतो. वरच्या बाजूला भोक किंवा कडीचा डाग म्हणजे ते गळ्यात गेलं होतं. भोक चेहऱ्याच्या डोक्यावर आहे की मागच्या चित्राच्या, ते टिपून ठेवा. घालणाऱ्याला कुठली बाजू दाखवायची होती ते त्यावरून कळतं.

आणि काही वेळा चेहरा ठीक, पण अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा, गोल आणि खुंट्या. ही इथे पाडलेली नक्कल, लॅटिन न वाचता येणाऱ्या कारागिराची. तिला ‘खोटं नाणं’ म्हणून टाकून देऊ नका, तीही तितकीच जुनी असू शकते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी तर रोमन नाण्यांच्या भाजलेल्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत, दोऱ्यात ओवायच्या.

आजकालची बनावट वेगळी असते. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला सबंध गोलभर बारीक सांधा दिसतो किंवा तो घासून काढल्याच्या आडव्या रेघा दिसतात. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे, अक्षरांच्या धारा साबणाच्या वडीसारख्या गोल. हातोड्याने पाडलेल्या खऱ्या नाण्यात धातू कडेकडे सरकल्याच्या किरणांसारख्या रेषा असतात, कडेला छोटी चीर असते, चित्र बरेचदा मध्यावरून घसरलेलं असतं. चीर म्हणजे दोष नव्हे. विकणाऱ्याकडे एकसारखीच चीर असलेली दोन नाणी दिसली, तर दोन्ही एकाच साच्याची.

कोल्हापुरात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो पुतळीने. पुतळीहारातली जुनी सोन्याची पुतळी, तिच्यावर लांबट अंगाच्या दोन आकृत्या आणि परकी अक्षरं, की घरात सांगितलं जातं ‘हे रोमन आहे’. ते इटलीतल्या व्हेनिसचं डुकाट नावाचं सोन्याचं नाणं, किंवा त्याची इथली नक्कल. इ.स. १२८४ पासून निघालेलं, साडेतीन ग्रॅमचं, पातळ. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. आपल्याकडे त्या जोडीला राम-सीता समजून पुजलं गेलं. रोमन ऑरियस दुप्पट जड आणि जाड असतो, आणि त्यावर एकट्याचं डोकं असतं. हातात घेतल्याबरोबर फरक कळतो.

सांभाळणं

चांदी आणि सोनं फारसं त्रास देत नाही. तांबं-पितळ मात्र आपल्या पावसाळ्यात आजारी पडतं. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी म्हणजे आतल्या क्षारांनी धातू खायला सुरुवात केली. गडद, गुळगुळीत, घट्ट हिरवा थर निरोगी असतो, त्याला हात लावू नका. भुकटी सुटणारं नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा आणि संग्रहालयातल्या किंवा पुरातत्त्व विभागातल्या रसायनाच्या जाणकाराला दाखवा.

मऊ प्लास्टिकच्या नाण्यांच्या पाकिटांना कडक वास येत असेल तर ती वापरू नका, त्यांतून सुटणारा चिकट हिरवा थर नाण्यावर बसतो. रबरबँडमधल्या गंधकाने चांदी काळी पडते. आम्लविरहित कागदाचं पाकीट, ते घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलची पुडी. लाकडी पेटी आणि सागाचं कपाट दिसायला छान, पण लाकडातून सुटणारी वाफ धातूला मानवत नाही. डब्यात आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा, तांब्याच्या नाण्यांसाठी काटा ४० टक्क्यांच्या खाली हवा. जूनच्या सुरुवातीला जेलची पुडी नवी घाला, गणपतीच्या आधी एकदा बदला आणि दसऱ्याला पुन्हा. रंग बदलणारी पुडी घेतलीत तर कधी बदलायची ते तीच सांगते.

पाकिटावर पेन्सिलीने लिहा, शाईने नको: वजन, व्यास, घनता, दोन्ही बाजूंची वाचता आलेली अक्षरं, न वाचता आलेल्या जागी तेवढे ठिपके, आणि नाणं कुणाकडून, कुठल्या गावातून, कधी आलं. ‘आजीच्या माहेरून, कागल’ एवढी नोंदसुद्धा पुढे उपयोगी पडते.